मार्क वेडचा डेअरडेव्हिल: हसणारा हिरो चालतो का तुम्हाला?

गावभागकर (धागाकर्ता)

२०११च्या जुलैमध्ये मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीने 'डेअरडेव्हिल' या सुपरहिरोच्या मासिकाचा नवा पहिला अंक काढला. लेखक मार्क वेड, चित्रं पाओलो रिवेरा आणि मार्कोस मार्टिन यांची. पहिल्याच प्रसंगात हिरो एका माफिया घराण्याच्या लग्नात घुसतो. तिथे स्पॉट नावाचा खलनायक आलाय, अंगभर काळे ठिपके आणि त्या ठिपक्यांतून कुठेही हात घालायची सोय. हिरो त्याला बडवतो आणि जाता जाता नवरीचा मुका घेऊन पसार होतो.

ज्यांनी त्याआधीची तीस वर्षं वाचली असतील त्यांना झीट आली असेल. नव्या लोकांसाठी मागचा हिशेब थोडक्यात देतो. १९६४मध्ये स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी हे पात्र काढलं. लहानपणी किरणोत्सारी द्रव्य डोळ्यांत उडून आंधळा झालेला मॅट मर्डॉक. नजर गेली पण बाकीची इंद्रियं अफाट तीक्ष्ण झाली, वर एक रडारसारखी जाणीव. दिवसा वकील, रात्री गच्च्यांवरून उड्या. पोशाख आधी पिवळा होता, सातव्या अंकात वॉली वुडने लाल केला. तेव्हा गडी बऱ्यापैकी मजेत असायचा.

१९७९मध्ये फ्रँक मिलर चित्रकार म्हणून आला, १९८१पासून लिहायलाही लागला, आणि रात्र पडली ती पडलीच. मॅटची प्रेयसी इलेक्ट्रा मेली. 'बॉर्न अगेन'मध्ये (१९८६) जुनी प्रेयसी कॅरन पेज नशेपायी त्याचं खरं नाव विकते आणि किंगपिन हा गुन्हेगारांचा म्होरक्या त्याचं घर, वकिली, डोकं सगळं एकेक करून काढून घेतो. पुढे कॅरनही मेली. लेखक बेंडिसच्या काळात वर्तमानपत्राने त्याचं गुपित छापलं आणि शेवटी तो तुरुंगात गेला. त्यानंतरच्या ब्रुबेकरच्या काळात बायकोला वेड लागलं. २०१०च्या 'शॅडोलँड'मध्ये तर त्याच्याच अंगात सैतान शिरला आणि त्याच्या हातून जुना वैरी बुल्सआयचा खून झाला. म्हणजे लेखक बदलला की मॅटच्या घरात एक तेरावा ठरलेला.

आणि मग वेड. त्याने यातलं काहीही पुसलं नाही, म्हणून हा धागा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी डीसीने पाटी पुसून बावन्न मासिकं पहिल्या अंकापासून सुरू केली. सुपरमॅनची लाल चड्डी गेली, लोइसशी झालेलं लग्नही गेलं. वेडने तसली सोय घेतली नाही. मेलेले मेलेलेच आहेत, बायको अजून उपचारांतच आहे. फक्त मॅट ठरवतो की याच रस्त्याने गेलो तर डोकं फिरेल, तेव्हा आता हसून जगायचं. मित्र फॉगी नेल्सनला हे पटत नाही. तो मॅटकडे सतत संशयानेच बघत असतो, आणि वाचकही.

२०१२मध्ये या मालिकेला सर्वोत्कृष्ट मालिकेचं आयस्नर (अमेरिकन कॉमिक्सचं मानाचं पारितोषिक) मिळालं, वेडला लेखनाचं, आणि सातव्या अंकाला सर्वोत्कृष्ट एकल अंकाचं. माझे छापील अंक २०१९च्या पुरात गेले, आता टॅबवर पुन्हा वाचतोय. मला वाटतं गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं सुपरहिरोचं हे सगळ्यात धाडसी रूपांतर आहे. तुमचं काय म्हणणं?

---

आयर्विन_पूल

धाडसी? अहो मालक, नवरीचा मुका घेणं यात धाडस कसलं? गल्लीतला पोरगासुद्धा कॉलर वर करून हेच करेल.

मिलरने या पात्राला माणूस केलं. त्याआधी तो स्पायडरमॅनची स्वस्तातली आवृत्ती होता, कोणी विचारत नव्हतं. 'बॉर्न अगेन' वाचून मी दोन दिवस गप्प होतो. मॅझुकेलीची ती चित्रं आठवा, मॅट झोपलेला आहे आणि प्रत्येक वेळी वरून दिसतो, आधी पलंगावर, मग गल्लीत कचऱ्यात. हे एकदा वाचलेल्या माणसाने परत लग्नाच्या मांडवातल्या कोलांटउड्या बघायच्या? आशावाद विकला जातो म्हणून विकला, एवढंच.

---

भडंग_आणि_चहा

भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

---

गावभागकर

@आयर्विन_पूल, 'बॉर्न अगेन'ला मी हात लावणारच नाही, ते आहे त्या जागी राहू दे. पण मिलरनंतर जे झालं ते बघ ना. त्याने एकदा घर पेटवलं. पुढच्यांनी दर पाच वर्षांनी त्याच घराला काडी लावली, कारण जाळणं म्हणजे गंभीर लेखन असा समज झाला. चौथ्यांदा प्रेयसी मेली की वाचकाला धक्का बसत नाही रे, जांभई येते.

आणि आशावाद विकला जातो म्हणतोस, तर २०११मध्ये काय विकलं जात होतं ते आठव. नोलनचा बॅटमॅन पडद्यावर होता, सगळे त्याची नक्कल करत होते. उलट्या दिशेला जाणारा वेड होता.

---

रेघोटी

मी चित्रकलेच्या बाजूने बोलते, कारण या धाग्यावर सगळे कथेवरच भांडताय.

डेअरडेव्हिलचा मुखवटा नीट बघा. डोळे झाकलेले, नाक झाकलेलं, कपाळ झाकलेलं. उघडं काय, तर ओठ आणि हनुवटी. स्पायडरमॅनचे पांढरे डोळे चित्रकार लहान-मोठे करून भाव दाखवतात, इथे तीही सोय नाही, डोळ्यांच्या जागी लाल काचा. म्हणजे चेहऱ्याचं सगळं नाटक तोंडाने करायचं. तीस वर्षं त्या तोंडाला दात आवळणं आणि ओरडणं एवढीच दोन कामं होती. रिवेराने त्याला हसायला लावलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या मुखवट्याला चेहरा आहे.

दुसरं, रडार. आधीचे चित्रकार डोक्याभोवती गोल गोल लाटा काढून मोकळे व्हायचे. रिवेरा-मार्टिनने मॅटला जग कसं जाणवतं तेच काढलं. नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात ना, तशा गुलाबी रेषांनी बनलेल्या वस्तू आणि माणसं. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर शहर आवाजांच्या अक्षरांनी बांधलंय. त्याच अंकाच्या मागच्या छोट्या कथेत मॅट आणि फॉगी रस्त्याने नुसते चालतात, आणि मार्टिनने दोन पानांवर वरून अख्खी वस्ती पसरून मॅटला कुठे काय ऐकू येतं, कशाचा वास येतो ते मांडलंय. मारामारी नाही, काही नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ते पान दाखवते आणि म्हणते, आता कापडपेठेचं असं काढा. काय एकेक निघतं! एकाने हळदीच्या वासाची वाट काढली होती, मार्केट यार्डपासून.

मॅटची शक्ती ही मजा आहे हे या दोघांनी दाखवलं. आंधळा झाला, बिचारा, रात्री पावसात उभा आहे, हे किती वर्षं काढणार?

(अवांतर: रिवेराच्या पेन्सिलवर शाई त्याचे वडील ज्यो रिवेरा चढवायचे. सातव्या अंकाच्या आयस्नरवर बापलेकांची नावं शेजारी शेजारी आहेत.)

---

भडंग_आणि_चहा

बापलेकांचं वाचून बरं वाटलं. आमचे पिताश्री माझ्या कशावरच शाई चढवत नाहीत, फक्त पाणी फिरवतात.

---

पुढची_तारीख

कोर्टातून मोकळा झालो, आत्ता धागा बघितला. वकिलीचं कोणी बोलतच नाही म्हणून लिहितो.

मला ही मालिका आवडली ती कोर्टामुळे. मॅटचं गुपित आधीच फुटलेलं आहे, तो 'मी नव्हेच' म्हणतोय, पण विश्वास कोणाचाच नाही. तो कोर्टात उभा राहिला की समोरचा वकील खटला सोडून डेअरडेव्हिलचाच विषय काढतो. अशिलाचं वाटोळं. मग मॅट आणि फॉगी तोडगा काढतात: आपण उभं राहायचंच नाही, अशिलाला तयार करायचं, त्याने स्वतःची बाजू स्वतः मांडायची. आपल्याकडेही पक्षकाराला जातीने उभं राहता येतं, पण कोणी वकील त्याला शिकवून पाठवेल हे स्वप्नातसुद्धा शक्य नाही. फी कोण देणार?

बाकी सुपरहिरो अडचण आली की ठोसा मारतात. हा अडचणीतून नवा धंदा काढतो. मला आशावाद म्हणजे काय ते इथे दिसलं. आणि ३६व्या अंकात शपथेवर साक्ष देताना जे होतं... स्पॉयलर देत नाही.

---

आयर्विन_पूल

दे की, दहा वर्षं होऊन गेली.

---

पुढची_तारीख

बरं. ज्यांना नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

साक्षीच्या पिंजऱ्यात तो स्वतः कबूल करतो की होय, मी डेअरडेव्हिल. न्यूयॉर्कमधली सनद जाते. तिकडे वकिलीचा परवाना राज्यागणिक असतो, म्हणून चंबूगबाळं आवरून सॅन फ्रान्सिस्को, तिथे वकिली चालू. हेही हवेतून आणलेलं नाही, १९७२च्या आसपासच्या अंकांत मॅट ब्लॅक विडोबरोबर तिथेच राहायचा. २०१४मध्ये तिथून पुन्हा नवा पहिला अंक, मग अठरा अंक. तोपर्यंत रिवेरा, मार्टिन गेलेले, चित्रं क्रिस सॅमनीची.

सनद गेल्यावर हसत सामान बांधणारा वकील मी तरी बघितलेला नाही. त्यामुळे काल्पनिक आहे हे मान्य.

---

कृष्णाकाठची_आजी

मुलांनो, मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली. नातवाने हा धागा उघडून दिला म्हणून लिहिते. तुमचा हा डेअरडेव्हिल १९६४चा म्हणता, आमचं इंद्रजालही मार्च १९६४चंच. वेताळ, मँड्रेक, नंतर ७६ साली आबिद सुरतींचा बहादुर आला. मराठीतून यायचे अंक. भाऊ आधी वाचायचा, मग मी.

वेताळाला दुःख नव्हतं असं नाही, वीस पिढ्यांची थडगी असलेल्या गुहेत राहायचा तो. पण तोंड पाडून बसलेला कधी आठवत नाही. हिरोने रडलं पाहिजे हे तुमचं कधीपासून सुरू झालं?

आणि मांडवात घुसण्याचं म्हणाल तर त्यात नवल काय? इथून दोन कोसांवर हरिपूर. तिथल्या देवलांनी १८९९ साली 'शारदा' रंगभूमीवर आणलं. म्हातारा भुजंगनाथ, कोवळी शारदा, आणि ऐन वेळी कोदंड येऊन सगोत्र निघालं म्हणून लग्न मोडतो. विषय किती भयंकर! आणि नाटकात हसू किती! भद्रेश्वर दीक्षित बोलायला लागला की प्रेक्षक हसून लोळायचे, आणि घरी गेल्यावर विचार करायचे. हसवलं म्हणून ते नाटक हलकं झालं का? आयर्विन पूल, तुम्ही उत्तर द्या.

---

आयर्विन_पूल

आजी, नमस्कार. तुमच्यापुढे वाद घालायची आमची छाती नाही, पण विचारलंत म्हणून सांगतो. 'शारदा' हलकं नाही कारण तिथे हसू म्हाताऱ्यावर आहे, दलालावर आहे. शारदा स्वतः हसत नाही. ज्याच्यावर बेतलंय तो हसतोय हे मला पटत नाही. घरात इतकी मढी पडलेली आणि हा गच्च्यांवर बागडतोय. माझा आक्षेप विनोदाला नाही, खोटेपणाला आहे.

---

रेघोटी

हा मुद्दा चांगला आहे. खरंच.

---

कानसेन_मिरज

नमस्कार. मी स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. दहावीपर्यंत दिसत होतं, आता नाही. घर मिरजेत, सतारमेकर गल्लीजवळ, त्यामुळे तंबोऱ्याची जवारी लागताना ऐकत मोठा झालो. कान चांगला आहे, पण त्यात डोळे गेल्याचं काही कर्तृत्व नाही. गल्लीतल्या डोळस कारागिरांचा कान माझ्यापेक्षा दहापट चांगला. 'आंधळ्यांना देव दुसरं काहीतरी देतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचे पैसे मिळाले असते तर बंगला झाला असता.

त्यामुळे डेअरडेव्हिलवर माझा मूळ रागच आहे. मला रडार नाही, पांढरी काठी आहे. त्याला आंधळा करून लगेच आंधळेपण काढून घेतलंय. बोटाने छापील शाई वाचतो म्हणे!

तरी वेडच्या मालिकेतल्या दोन गोष्टी मित्राने वाचून दाखवल्या तेव्हा थांबलो. एक, त्याला न जमणाऱ्या गोष्टी तिथे विसरल्या जात नाहीत. रंग कळत नाहीत, फोटोत काय आहे ते कळत नाही, पडदा म्हणजे त्याला नुसती सपाट काच. दुसरी, तो सातवा अंक. मॅट अंध मुलांना सहलीला नेतो, बर्फात बस उलटते, चालक जातो. मॅट जखमी, थंडीने रडार बधिर. आता सुपरहिरो मुलांना वाचवणार असं वाटतं, आणि होतं उलटं: तो कोसळतो आणि मुलं त्याला ओढत सुखरूप जागी नेतात. तिथे मुलांना कसलीही शक्ती दिलेली नाही, ती नुसती मुलं आहेत. अंध माणसाबद्दलच्या गोष्टीत अंध माणसं उपयोगी पडतात हे मी फार वेळा ऐकलेलं नाही.

जाता जाता एक किस्सा, खरा. २०१५च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर या अंध हिरोची मालिका आली, तेव्हा अंध प्रेक्षकांसाठी ध्वनिवर्णनच नव्हतं. आमच्या जमातीने तिकडे आवाज उठवला, आणि चारच दिवसांत नेटफ्लिक्सने जाहीर केलं की ध्वनिवर्णन सुरू करतोय, सुरुवात याच मालिकेपासून. ती मालिका पुन्हा काळीकुट्टच आहे, पण आम्हाला कळली तरी.

---

गावभागकर

@कानसेन_मिरज, धागा काढल्याचं सार्थक झालं. त्याच सातव्या अंकात सुरुवातीला ऑफिसची नाताळची पार्टी आहे, तिथे मॅट 'मी डेअरडेव्हिल नाही' असं छापलेला स्वेटर घालून येतो. हे तुम्हाला वाचून दाखवलं का? दोन टोकं एकाच अंकात आहेत.

---

कानसेन_मिरज

दाखवलं. फार हसलो. तो स्वेटर त्याला स्वतःला दिसत नाही हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

---

भडंग_आणि_चहा

😂 दंडवत.

---

मनातलं_मळभ

मी क्वचित लिहिते. आयर्विन_पूल यांच्या 'खोटेपणा'बद्दल.

तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोतले अंक वाचलेत का? त्यातला दहावा. पर्पल मॅन नावाचा खलनायक आहे, तो बोलेल ते लोक करतात. त्याची मुलं एकत्र येतात, बापापेक्षा भारी निघतात, आणि मॅटच्या आत दडपून ठेवलेलं सगळं बाहेर खेचतात. त्यानंतर मॅट अंथरुणातून उठू शकत नाही. खलनायक मेला, अमुक झालं, असं काही कारणच नाही. आणि तेव्हा कळतं की हे त्याला नवीन नाही, ही त्याची जुनी ओळख आहे. शेवटी प्रेयसी कर्स्टनसमोर तो ते कबूल करतो.

मी स्वतः गोळ्या घेते, गेली काही वर्षं. त्या पानांवर दुःख नाहीये, दुःखाला तरी काहीतरी चव असते. तिथे फक्त काहीही नसणं आहे, आणि सॅमनीने ते नेमकं काढलंय. तुम्ही म्हणता हसू खोटं. मला ते रोज सकाळी दात घासण्यासारखं वाटतं. आतून येत नाही, तरी करायचं. काही दिवशी येतंही.

म्हणून मला फॉगीचा संशयही आवडतो. वेड पहिल्या अंकापासून सांगत होता की हे हसू टिकेल याची खात्री नाही. २०१३मध्ये फॉगीला कॅन्सर होतो, तेव्हा मॅट अक्षरशः सैरभैर होतो. सगळं गोड असतं तर फॉगीला कशाला आजारी पाडलं असतं?

---

आयर्विन_पूल

हे अंक वाचले नव्हते. पहिले सहा वाचून सोडले होते.

सांगितल्याबद्दल आभार, ताई. काळजी घ्या.

---

पुढची_तारीख

आयर्विनराव एवढं थोडक्यात बोलले, ही नोंद इतिवृत्तात घ्यावी.

---

आयर्विन_पूल

(दोन दिवसांनी) दहावा अंक वाचला. फार चांगला आहे, आणि माझ्या मते म्हणूनच तो मिलरचा वारस आहे. वेडची मालिका जिथे उत्तम आहे तिथे ती काळोखातच आहे. लग्नाचा मांडव मला अजून पटत नाही.

---

गावभागकर

आणि मांडव नसता तर दहावा अंक तुला इतका लागला असता? तू बाराही महिने काळोखात उभा असतास तर अजून एक अंधारं पान उलटून पुढे गेला असतास. वेडने उजेडाची इतकी पानं आधी रचली म्हणून ते अंथरूण अंगावर येतं. पुढे-मागे इतरही तिकडेच वळले बघ. २०१४मध्ये कमला खानची 'मिस मार्व्हल' आली, त्याच वर्षी बॅटगर्ल अंधार सोडून गॉथमच्याच बर्नसाइड भागात राहायला गेली, मग खारीवाली स्क्विरल गर्ल. हे सगळं वेडमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण वेडने १९९६मध्येच अ‍ॅलेक्स रॉसबरोबर 'किंग्डम कम' लिहून दात-ओठ खाणाऱ्या हिरोंची झाडाझडती घेतली होती. म्हणजे त्याचं हे एका रात्रीत ठरलेलं नव्हतं.

---

कृष्णाकाठची_आजी

नातू म्हणतो टॅबवर पहिला अंक घेऊन देतो. अक्षर मोठं होतं का त्यात?

---

गावभागकर

होतं आजी. चौकटीवर दोनदा बोट टेकवा, ती एकटी मोठी दिसते.

---

कानसेन_मिरज

आजींना मोठं अक्षर, मला काय? मित्र पुण्याला गेला, वाचून दाखवणारं कोणी नाही. कोणी पहिल्या अंकाचं चौकटीवार वर्णन इथे टाकेल का? रंगांसकट टाका. लाल काय असतं ते मला आठवतं.

---

रेघोटी

मी टाकते. रविवारी बसते. पहिल्या चार-पाच पानांचं आधी देते, म्हणजे कमी-जास्त काय हवं ते सांगता येईल. मांडवातल्या मारामारीपासून सुरू करते, तिथे डेअरडेव्हिल मस्त हसतोय.

---

आयर्विन_पूल

वर्णनात मत घालू नका बाई. तो हसत नाहीये, त्याने दात दाखवलेत. फरक आहे.

---

रेघोटी

ओठांचे कोपरे वर आहेत. मी हे रोज शिकवते.

---

कानसेन_मिरज

दोघांचंही लिहा. आधी कोपरे, मग दात.